काटेसाहेब लॅपटॉप तपासतात

लोक लॅपटॉप घ्यायला जातात तेव्हा डोळे फाडून बघतात. काटेसाहेब डोळे मिटून घेतात. दुकानात जायचं, लॅपटॉप चालू करायला लावायचा, त्यात आपला पेनड्राइव्ह खुपसायचा आणि मग डोळे गच्च मिटून, कान कीबोर्डाजवळ नेऊन दहा-दहा मिनिटं बसून राहायचं. मधेच बोटं बटणांवरून फिरवायची. दुकानदाराला वाटतं म्हाताऱ्याला झोप लागली. अमरावतीतले निम्मे दुकानदार तर त्यांना लांबून पाहिलं की जेवायला जातात, मग सकाळचे अकरा का वाजले असेनात!

माझा त्यांच्याशी संबंध शेजाराचा. मी कोर्टाबाहेर टेबल टाकून अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून देतो. म्हणजे माणूस सांगतो काय आणि खरं असतं काय, यातलं अंतर मलाही थोडंफार कळतं. पण साहेबांपुढे मी अगदीच भोळा. त्यांचं खरं नाव बाबारावजी. सगळी नोकरी वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून गेली, त्यातही बरीचशी अकोल्याच्या बाजारात, धान्याच्या आणि कापसाच्या व्यापाऱ्यांचे काटे तपासण्यात. म्हणून काटेसाहेब. पुढे काकू गेल्या, नोकरी संपली, संशय तेवढा राहिला.

संशय म्हणजे किती? रस्त्यात भेटतील आणि विचारतील, "सुधाकर, किती वाजले?" आपण सांगायचं, सव्वापाच. की लगेच मनगट डोळ्यांजवळ नेऊन स्वतःचं घड्याळ बघणार.

"साहेब, घड्याळ हाय त मले काहून विचारता?"

"तू काय सांगतं ते पाह्यत होतो."

घ्या! खानावळीचा डबा आला की पोळी उजेडाकडे धरून आरपार बघतील. दूधवाल्यासमोर स्वतःचं माप घेऊन उभे राहतील. आणि कुणी काही सांगायला गेलं की ठरलेलं वाक्य: "म्या पाह्यलं नाई, म्हंजे ते नाई."

अशा माणसाच्या कानावर कुणीतरी लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची व्यवस्था. घराणं एक, पण त्यात भावंडं ढीगभर, प्रत्येकाचं नाव निराळं आणि स्वभाव निराळा. यातलं एक भावंड म्हणजे एक डिस्ट्रो. साहेबांना फुकटाचं कौतुक नव्हतं, उलट फुकट म्हटल्यावर आधी संशयच आला. पण याच्या आत जे काही लिहिलेलं असतं ते सगळं उघडं असतं, कुणीही वाचावं, असं कळलं आणि म्हातारा पेटला.

"बाकीच्यायच्या पेटीले कुलूप हाय. आत काय करून राह्यले, कोनाले मालूम? याचं झाकन उघडते."

"पन तुमाले त्यातलं समजते का?"

"एक अक्षर नाई समजत. पन लपवलं त नाई ना लेका!"

माझ्या टेबलावरचा लॅपटॉप चालायला पाच मिनिटं घेत होता, तर त्यावर त्यांनीच लिनक्स घालून दिलं. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा स्वतःहून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला बरं वाटलं, म्हटलं, माणसाला रीत आहे. मी टाइप केलं तसे भिंतीकडे बघतच म्हणाले, "सहाच अक्षरं मारली तू. कमी हायेत." मी चाट पडलो! तेव्हापासून माझाच त्यांच्यावर संशय बसला. हा माणूस डोळे मिटतो ते कान लावून आपलं काहीतरी ऐकायला.

आणि संशय यावा असंच सगळं चाललं होतं. दोन वर्षं त्यांनी एकामागून एक डिस्ट्रो पेनड्राइव्हवर घालून पाहिले. उबंटू घातलं, मिंट घातलं, फेडोरा घातलं. प्रत्येकात काहीतरी खोट निघायची, आणि खोट कसली म्हणाल, तर ज्याची कुणाला पडलेली नाही अशी. एका डिस्ट्रोबद्दल मी म्हणालो, साहेब, किती सुंदर दिसते! तर म्हणाले, "मले दिसन्यावर जायाचं नाई." दुसऱ्यावर चिडले, कारण नवी आवृत्ती आली आणि बटणांच्या जागा बदलल्या. "हे काय भाडेकरू हाय का? दर दिवाळीले सामान हालवते!" शेवटी डेबियनवर गाडी थांबली. "म्हातारं हाय. पन जागचं हालत नाई."

त्यात एक बोलणारी सोय असते. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते कॉम्प्युटर मोठ्याने वाचून दाखवतो, मराठीसुद्धा. आवाज असा की सर्दी झालेला कंडक्टर गावांची नावं घेतोय. संध्याकाळी त्यांच्या घरावरून गेलं की आत तो कंडक्टर पेपर वाचतोय आणि साहेब अंधारात डोळे मिटून ऐकतायत. लाइट लावायचा आळस! एकदा मी खिडकीतून म्हणालोही, "साहेब, डोये हायेत ना, वाचा की." त्यांनी खिडकी लावून घेतली. मला राग आला. आठ दिवस मी बोललो नाही.

डिस्ट्रो ठरला, आता त्याच्या जोडीचा लॅपटॉप. इथे तर विचारू नका. झालं असं की दुकानात एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवलेले असतात आणि आत वायफायचं कार्ड निराळं निघतं. एक कार्ड लिनक्सला ओळखतं, दुसरं मुक्यासारखं बसून राहतं. साहेबांना हे समजल्यावर इतका आनंद झाला की पेढे वाटायचेच बाकी होते. सगळी जिंदगी ते हेच सांगत आले होते ना, की वर छापलेलं एक आणि आत भरलेलं दुसरं! त्यांनी पेचकस आणि भिंग खिशात घातलं, कुठले कार्ड नंबर चालतात ते एका वहीत उतरवलं. एका पानावर दोनच नंबर, एवढं मोठं अक्षर. मी म्हणालो, कागद फुकट घालवून राह्यले तुमी. त्यांनी वही मिटली.

अमरावतीत मनासारखं मिळालं नाही, म्हणून अकोला, आणि सोबतीला मी. तिथे मुरलीधर नावाचा एकजण जुने लॅपटॉप विकतो, ऑफिसांतून वापरून निघालेले, जाडजूड, बॅटरी बाहेरून लागणारे. लिनक्सला असलेच मानवतात. आता गंमत बघा, या मुरलीच्या बापाचं बाजारात धान्याचं दुकान होतं आणि त्याचा काटा साहेबांनी भर बाजारात जप्त केला होता. मुरली तेव्हा शाळेत होता. साहेबांना पाहिल्याबरोबर तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. भीतीनं की आदरानं, कळलं नाही.

पहिल्या खेपेला साहेबांनी तास दीड तास डोळे मिटून एक लॅपटॉप पसंत केला. झाकण उघडलं, भिंगातून कार्डाचा नंबर पाहिला, वहीत होताच. फक्त बॅटरी संपलेली होती. ती मागवून लावायला मुरलीने आठ दिवस मागितले. साहेबांनी काय करावं? खिशातून लाखेची कांडी काढली, पेटत्या काडीवर वितळवून मागच्या प्रत्येक स्क्रूवर टिपका टाकला आणि वर अंगठीचा ठसा उमटवला. तपासलेल्या काट्याला शिक्का मारतात तसा! मुरली नुसता बघत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा बडनेऱ्याहून पॅसेंजरने अकोल्याला. नवी बॅटरी लागली होती. लाखेचे टिपके जसेच्या तसे होते, मी स्वतः पाहिले, साहेबांनी बोट फिरवून पाहिले. आता घ्यावा ना लॅपटॉप मुकाट्यानं! नाही. लाख फोडली, झाकण उघडलं, भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"कार्ड बदललं तू."

मुरली म्हणाला, "काय म्हनता साहेब? शिक्का आत्ता तुमीच त फोडला."

"शिक्का बी नवा मारता येते. शेवटी आठ होता, इथं तीन हाय. बापाचं उट्टं काढलं लेका तू माह्यावर!"

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती, ती सगळी वळून बघायला लागली. मुरलीचा चेहरा लाल झाला. "साहेब, माह्या बापानं काटा मारला आसन. म्या आजपावतो कोनाले फसवलं नाई. हे चार लोकं ऐकून राह्यले, उद्या बाजारभर होईन!" साहेब ऐकायला तयार नाहीत, आवाज चढलेला. मी घाबरून तो उघडा लॅपटॉप माझ्याकडे ओढला. कार्डावरचा कागद बोटभरही नव्हता, पण आकडा स्वच्छ होता. आठ. वहीतही आठ.

"साहेब, आठच हाय."

"तीन हाय."

"आठ हाय साहेब. माह्या आईची शप्पथ."

त्यांनी लॅपटॉप उचलला, दारापाशी उन्हात नेला, भिंग जवळ धरलं, लांब धरलं, मान वाकडी करून एका डोळ्याच्या कडेनं पाहिलं. अकोल्याचं दुपारचं ऊन, त्यात मुंगीचा पायसुद्धा दिसला असता. साहेब तसेच उभे राहिले. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढं मोठं अक्षर. बटणांवरून फिरणारी बोटं, त्या कंडक्टरच्या आवाजाला लावलेला कान. लावून घेतलेली खिडकी. मी कसला बावळट माणूस आहे!

परत येऊन ते स्टुलावर बसले. "काचबिंदू हाय," म्हणाले. "डावा गेला. उजवा जाऊन राह्यला, डॉक्टर म्हनते राहीन तेवढा राहीन. म्हनून डोये मिटून पाह्यत होतो, उद्या जमन का नाई ते."

मी म्हणालो, "मले काहून नाई सांगतलं? म्या वाचून दाखवलं असतं ना, पेपर, पत्र, काय असन ते."

"तू वाचशीन रे. पन तू वाचलं तेच तथी लिहिलं हाय, हे म्या कसं पाहू?" त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला. "याले म्या उघडून पाह्यलं हाय. डोये हायेत तवर एक गोष्ट पारखून ठेवा म्हटलं, मंग तिच्यावर जनम काढता येते."

मुरलीने गुपचूप पाण्याचा ग्लास आणून त्यांच्या हातात दिला आणि गल्ल्यामागे गेला. साहेब पाणी प्यायले, उठले, मुरली मघाशी जिथे उभा होता तिकडे वळले आणि हात जोडले. "मुरलीधर, चुकलं माह्यं. चार लोकायसमोर बोललो, चार लोकायसमोर माफी मांगतो." तिथे नुसती खुर्ची होती. मुरली गल्ल्यामागून पाऊल न वाजवता आला, त्या खुर्चीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "असू द्या साहेब."

मी झाकण बसवलं, स्क्रू आवळले. लाखेची कांडी साहेबांनी माझ्या हातात दिली, अंगठी काढून दिली. मी टिपके टाकले, ठसे उमटवले, वेडेवाकडे. त्यांनी बोट फिरवून पाहिलंही नाही. लॅपटॉप पिशवीत घातला, पिशवी छातीशी धरली.

"सुधाकर, किती वाजले?"

"साडेचार, साहेब."

त्यांचं घड्याळाचं मनगट सवयीनं वर आलं, अर्ध्यातच थांबलं आणि खाली गेलं.

"मंग चाल," म्हणाले, "गाडी भेटन."