डग्ग्यापुरता आवाज

आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहणारे शिंगटे काका रविवारी सकाळी हॉलमध्ये रांगत होते. चांगले पंच्याहत्तरीकडे झुकलेले गृहस्थ, बनियन आणि पट्ट्यापट्ट्याचा पायजमा घालून, भिंतीच्या कडेने, गुडघ्यांवर. सोफ्यावर त्यांच्या नेहमीच्या जागी एक काळा चौकोनी डबा ऐटीत बसला होता आणि धम्म धम्म करत होता.

मी भांडायला गेलो होतो. आमच्या मांडणीवरच्या वाट्या नाचत होत्या. दार काकूंनी उघडलं. "या," म्हणाल्या, "आमचं बाळ रांगायला लागलंय."

काकांनी खालूनच समजावलं. "डबा माणसाच्या जागी ठेवायचा आन् माणसानं डब्याच्या जागा हिंडायच्या. जिथं धमक नीट लागंल तिथं डबा कायमचा. शास्त्र हाय ह्ये!"

"काका, आवाज जरा कमी करा."

"चहा कमी? बरं. अगं, ह्यांना अर्धाच दे."

काकांचा जन्म चाकणच्या एका कंपनीत, प्रेस शॉपमध्ये गेला. पत्र्यावर दिवसभर आदळणाऱ्या त्या मशिनींनी त्यांचे कान नेले. पण कान गेले हे त्यांना मान्य नव्हतं. कानाचं मशिन टीव्हीवर डबीत ठेवलेलं असे. "कानात किडा गुणगुणतोय असं वाटतं राव," हे त्यावरचं मत. उलट लोकच हल्ली पुटपुटतात, अशी त्यांची तक्रार. जगातल्या कुठल्याही बिघाडावर त्यांचं निदान एकच, "मालात खोट न्हाई, फिटिंगमध्ये हाय." पंखा, कुकर, सोसायटीचा वॉचमन, सगळ्यांना हेच लागू.

हा डबा म्हणजे सबवूफर, नुसती खर्जातली धमक काढणारा स्पीकर. त्यांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला तो जोडायची सोयच नव्हती. मग स्पीकरच्या वायरी जिथून निघतात तिथूनच काकांनी आणखी दोन वायरी काढल्या आणि डब्याच्या पाठीत खुपसल्या. लाल-काळी उलटी लागली की धमक मरते, म्हणून एकदा सुलट, एकदा उलट, आणि दर वेळी फरशीवर तळवा ठेवून तपासणी. शेवटी डब्याला जागा मिळाली ती नेमकी स्वयंपाकघराच्या दारात. काकू त्यावरून पाय उचलून जायच्या आणि प्रत्येक वेळी काहीतरी बोलायच्या. ते काकांना ऐकू येत नसे, हे बरंच होतं.

मला वाटलं होतं, म्हातारा लग्नाच्या वरातीतली गाणी लावणार. पण त्या सकाळी नीट ऐकलं तर तबला होता. जुनी, खरखरीत टेप पेनड्राइव्हवर उतरवून घेतलेली. वाजवणारं कुणीतरी लहान असावं. एका ठिकाणी ताल सुटायचा, थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून. काका फरशीवर हात टेकून, डोळे मिटून बसले होते.

"वैशाली हाय," काकू हळू आवाजात म्हणाल्या. वैशाली म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, आता नाशिकला दिलेली. "माझ्या आईला ऐकवायला मी टेप केलं होतं. ह्ये नाइट करून यायचे, दुपारी झोपायचे. ही नेमकी तेव्हा वाजवायला बसायची. एक दिवस उठले आन् तबला-डग्गा उचलून माळ्यावर टाकला. म्हणाले, दहावी झाल्यावर बघू. दहावी झाली. तिनं पुन्हा मागितला न्हाई, ह्यांनी काढून दिला न्हाई."

काकांनी डोळे उघडले. आमचं बोलणं त्यांना ऐकू आलं नसणार, पण काकूंच्या तोंडाकडे पाहून कळलं असावं.

"टिणटिण सगळी गेली राव," ते म्हणाले. "उजव्या हाताचं काय वाजतं, काय समजत न्हाई. डग्गा तेवढा लागतो, तो पन ह्या डब्यामुळं. कान होते तवा मला झोप पाहिजे होती."

मी भांडण तसंच घेऊन खाली आलो. बायकोने वाट्या मांडणीवरून काढून ट्रॉलीत ठेवल्या.

दिवाळीत वैशाली आली. फराळाला आम्हाला वर बोलावलं. काकांनी तबला-डग्गा माळ्यावरून काढून नव्याने मढवून आणला होता आणि नव्या जावयासमोर ताट मांडावं तसा तो लेकीसमोर मांडला होता. वैशाली बघतच राहिली. मग हसली. "बाबा, आता बोटं कुठे राहिली तशी?"

"हां?"

"बोटं!" तिने हात वर करून दाखवले.

"असू दे. बस."

ती बसली. काकूंनी तिला आधीच सगळं सांगितलं असावं, कारण तिने तबला अलगद बाजूला सरकवला आणि डग्गा मांडीजवळ ओढून घेतला. नुसता डग्गाच वाजवू लागली. सावकाश, घुमवत, बापाला लागेल असा. काका फरशीवर तळवा टेकून बसले. थोड्या वेळाने त्यांनी तो उचलला.

"तबला का बाजूला ठेवलास?"

"तुम्हाला ऐकू येत नाही ना बाबा तो," ती त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली.

"मला नसंल येत," काका म्हणाले. एरवी घरभर घुमणारा त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "तुला येतो की. वाजव तू."

वैशालीने मान खाली घातली. मग तबला पुढे ओढला. बोटं खरंच राहिली नव्हती. अडखळायची, थांबायची, हात झटकायची, पुन्हा सुरू करायची. काका मात्र फरशीला हात न लावता तिच्या तोंडाकडे बघत बसले होते.