आईचं सर्व्हिस बुक

माणसानं सत्ताविसाव्या वर्षी म्हातारपणाचा विचार करू नये. केलाच तर मनात करावा. मनात मावत नसेल तर बायकोशी बोलावं. पण जेवताना, आईसमोर, मोठ्यानं तर मुळीच बोलू नये. मी बोललो. (मला कोणी विचारलं नव्हतं. मला सहसा कोणी विचारत नाही.)

झालं असं, की एकसष्ट सालच्या जूनमध्ये आमच्या ऑफिसातले बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, केशवराव रिटायर झाले. अमरावतीच्या त्या सरकारी ऑफिसात मी आस्थापना शाखेत कारकून. लोकांच्या नेमणुका, बदल्या, रजा त्यांच्या सर्व्हिस बुकात चढवायच्या, हे माझं काम. त्याच महिन्यात मी टेंपररीचा कायम झालो होतो, म्हणजे मलाही एक दिवस पेन्शन मिळणार हे सरकारनं लेखी कबूल केलं होतं. आमच्या खानदानात अशी गोष्ट सरकारनं पहिल्यांदाच कबूल केली होती, त्यामुळे माझी छाती जरा फुगलेलीच होती. केशवरावांना हार घातला, नारळ दिला, छत्री दिली, फोटो काढला. फोटो झाल्यावर ते मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "श्रावणराव, नोकरीत असताना मी बाजूला काही टाकलं नाही. पेन्शनीत मीठ येते, भाजी येत नाही. तुमी आतापासून टाका."

मी निर्धार करूनच घरी आलो.

राजापेठेच्या मागं आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. बायको ललिता, अकोल्याची, म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तरीण. कोणतीही गोष्ट पाटीवर मांडली की तिला हुरूप येतो. आम्ही दोघांनी बसून योजना केली. दुपारचा चहा बंद. टॉकीज बंद. रिक्षा बंद. (रिक्षात आम्ही कधी बसलोच नव्हतो, पण यादी भरगच्च दिसली.) उरेल ते पोस्टात.

"अन् म्हातारपणी करायचं काय आपण?" ललितानं विचारलं.

"बाजेवर बसायचं. आयता चहा प्यायचा."

"करनार कोन?"

योजनेत एवढीच एक जागा कोरी राहिली. बाकी योजना नामी होती.

संध्याकाळी जेवताना मी ती आईला समजावून सांगितली. आई म्हणजे जाईबाई. वलगावात लोकांच्या शेतात राबून तिनं मला मॅट्रिक केलं. बाबा, देवराव, मी नववीत असतानाच गेले. मला नोकरी लागल्यावर मी तिला अमरावतीला आणलं. आता तिला आराम आहे, असं मी चारचौघांत सांगत असे. आई भाकर थापता थापता ऐकत होती.

"पंचावन झाले की सरकार काम नाई करू देत?"

"नाही. मग आराम."

"अन् पगार?"

"थोडा मिळतो. घरबसल्या."

"अन् हार बी घालते?"

"हार, नारळ, छत्री."

आईचा हात परातीत थांबला. "छत्री काहून?"

"रीत आहे, आई. मान असतो तो."

भाकर तव्यावर गेली. ती उलटता उलटता आई म्हणाली, "श्रावन, माह्यं वय काढून दे बरं."

आता वय काढून देणं हा माझ्या हातचा मळ. मी पाटावर सरसावून बसलो. जुनं काही आठवतं का विचारलं. ती म्हणाली, "मानमोडीच्या साली माह्यं लगन झालेलं होतं, सासरी नव्हती गेली. तेराची असीन."

मानमोडीचा ताप म्हणजे सन अठरा. अठरातून तेरा गेले. मी बोटं मोडली आणि मोठ्या आनंदानं (माझी अक्कल तेव्हा जेवायला बसली होती) जाहीर केलं, "आई, तुझे पंचावन्न मागच्याच साली पूर्ण झाले!"

"असं काय?" आईनं तव्यावरची भाकर उतरवली, हात धुतले, पदराला पुसले. "मंग मी रिटायर."

आम्ही दोघं हसलो. ललिता जरा कमी हसली. परातीत अजून दोन भाकरींचं पीठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात बाजेवर बसलेली. रिकामी. माझ्या जन्मात मी आईला रिकामी बसलेली पाहिली नव्हती, त्यामुळे आधी मला वाटलं तिला बरं नाही. कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "चहा आन."

आमच्या घरात पाणी आपोआप असतं, सडा आपोआप पडतो, डबा आपोआप भरतो, असा माझा पक्का समज होता. त्या दिवशी नळावरच्या बायकांनी मला बादलीसकट रांगेच्या शेवटी पाठवलं. चुलीनं धूर काढला, जाळ काढला नाही. ललितानं भाकर थापली, ती तव्यावर तीन तुकड्यांत उतरली. ती अकोल्यात शिकलेली, चूल तिच्या आईनं सांभाळलेली. ऑफिसात लेट मार्क. दुपारी हॉटेलात जेवलो. चौथ्या दिवशी ललितानं पाटीवर मांडून दाखवलं की म्हातारपणासाठी टाकलेला पैसा हॉटेलवाल्याच्या म्हातारपणाला चालला आहे.

बरं, गोष्ट घरातच राहावी ना! शेजारची मनकर्णा आली. "भाऊ, जाईबाईचं वय काढलं म्हने तुमी. माह्यं बी काढा ना." मी नको नको म्हणत असताना (शपथेवर सांगतो, मी दोनदा नको म्हणालो) ती छप्पन्नची निघाली. संध्याकाळी तिचा नवरा चंद्रभान दारात.

"काहो बाबू, तुमी आमच्या घरचे मानसं रिटायर करून राहिले म्हने?"

"मी फक्त वजाबाकी केली, चंद्रभानभाऊ."

"तुमच्या वजाबाकीपाई मी दोन दिवसांचा उपाशी हाओ ना बाप्पा!"

त्यावर कळस म्हणजे अकोल्याहून माझ्या सासूबाईंचं, इंदूबाईंचं, कार्ड आलं. दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं. 'जाईबाई रिटायर झाल्या ऐकून आनंद झाला. माझं वय काढून उलट टपाली पाठवावे. इकडे कोणाला येत नाही.'

आता मात्र मी कंबर कसली. आईला कायद्यात पकडायचं ठरवलं. बाजेसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "आई, रिटायर नोकरीतून होतात, घरातून नाही."

"मंग मी एवढे साल काय करून राहिली होती? खेळून राहिली होती?"

"तसं नाही. पण नोकरीला सर्व्हिस बुक लागतं. किती वर्षं केली, किती रजा घेतल्या, सगळं लिहिलेलं असतं. तुझं कुठं आहे?"

"मंग लिव ना. साऱ्या लोकाइचं लिवतो तू. मायचंच लिवाले काय झालं?"

मी मनात म्हटलं, सापडली. पूर्ण पेन्शनीला तीस वर्षं सेवा लागते. आईला वर्षं कुठली आठवणार? तीन-चार वर्षं इकडं, दोन तिकडं, खंडच निघतील. सेवेत खंड म्हणजे केस खलास. मी कोरी वही आणली, रेघा मारल्या, दौत-टाक घेऊन तिच्या पायाशी बसलो. ललिताही दाराशी येऊन उभी राहिली.

"पहिली नेमणूक?"

"मानमोडीत माय गेली. दुसऱ्या आठवड्यात तिच्या जागी वेचाले गेली मी. कापूस भराची ओटी तिचीच होती, कमरेले बांधाची, मले मोठी व्हाची."

मी लिहिलं.

"त्यानंतर?"

"त्यानंतर काय? निंदन, वेचनी, काढनी. पुन्हा निंदन."

"मध्ये खंड?"

"खंड म्हंजे?"

"कामावर गेली नाहीस असा काळ."

आई खूप वेळ विचार करत बसली. मी आशेनं टाक बुडवून ठेवला. ती म्हणाली, "नाई बाप्पा. असा काय आठवत नाई."

"बरं, रजा सांग. बाळंतपणाच्या?"

"तुया वेळेस तीन दिवस. वेचनी चालू होती ना. तुले वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, झोईत टांगून ठेवे. तुया आधीचे दोघं गेले, तवा एक-एक दिवस. तुया बाप गेला तवा पाच. लोक म्हने, दहा दिवस तरी बस. पन तुयी फी भराची होती."

टाकातली शाई वाळली. मी पुन्हा बुडवली, पण रकाना नीट दिसेना.

"आनखी एक हाये," आई म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला. "छपन साली नागपूरले गेलो आपन साऱ्या गावासंग, दीक्षेले. ते दोन दिवस. ते मात्र माह्ये सोताचे होते. ते लिव. मोठ्या अक्षरात लिव."

मी मोठ्या अक्षरात लिहिलं. मग सवयीनं खाली बेरीज मारली. त्रेचाळीस वर्षं सेवा, खंड निरंक. शेवटची नोंद, वलगावहून राजापेठेत बदली, काम तेच, रजा नाही. आणि शिल्लक रजा? आमच्या ऑफिसात चार महिन्यांवर रजा साठवता येत नाही. आईची साठलेली रजा मी मोजायला लागलो आणि मध्येच सोडली. एवढी वर्षं मी लोकांची सर्व्हिस बुकं चढवली, पण असं बुक माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं. आईला आराम आहे म्हणून मी गावभर सांगत होतो. माझं म्हातारपण अठ्ठावीस वर्षं दूर होतं, त्याची मी पोस्टात सोय करत होतो, आणि हिचं म्हातारपण रोज माझ्या ताटात भाकर वाढत होतं. मला लाज वाटली. सरळ सांगतो, मी रडलो.

"आता काहून रडतो?" आई म्हणाली. "केस बसत नाई का माही?"

"बसते आई. पूर्ण बसते."

"मंग छत्री?"

आता मला कळलं. तिला पेन्शन नको होती, हार नको होता. मी विचारलं तेव्हा ती जरा लाजतच बोलली, "पावसात निंदाले जावं तं मालक धुऱ्यावर छत्री धरून उभा राहे. आमच्या डोक्यावर पोत्याची खोळ. ते ओली झाली की मानच मोडे. मले लय दिवसाचं वाटे, एकदा छत्रीखाली उभी राहून पाहावं. मंग तू म्हनलं, पंचावन झाले की देते."

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात गेलो. खिडकीवरचा बाबू म्हणाला, "अहो, परवाच तर भरले. काढता कशाला?"

"रिटायरमेंटसाठीच होते ते."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "एवढ्यात?"

रविवारी अंगणात समारंभ झाला. अध्यक्ष केशवराव. (ते रिकामेच होते. रिटायर झाल्यापासून रोज ऑफिसात येऊन जुन्या खुर्चीशेजारी उभे राहत.) गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका आल्या, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला चंद्रभानही आला. ललितानं आईला हार घातला आणि पाया पडली. मी नारळ दिला, छत्री दिली, काळी, वाकड्या मुठीची. भाषण लिहून नेलं होतं. "आमच्या आई," एवढं म्हणालो आणि पुढं काही बोलता येईना. केशवरावांनी टाळ्या वाजवून मला खाली बसवलं.

"जाईबाई, तुमी दोन शब्द बोला," ते म्हणाले.

आई उभी राहिली. म्हणाली, "जयभीम. झालं माह्यं काम." आणि छत्री उघडली. आभाळात ढग औषधाला नव्हता. ती तशीच छत्रीखाली उभी राहिली, हार घातलेली, आणि इतकी गोड हसली की मनकर्णानं डोळ्याला पदर लावला. दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं ती वलगावला गेली आणि भर उन्हात छत्री धरून ओळीनं सगळ्या धुऱ्यांवरून हिंडून आली.

आता तुम्हाला वाटेल, पुढं आईचं मन काही रमलं नाही, ती पुन्हा चुलीशी आली आणि आमचं जमलं. आली ना! आठव्या दिवशीच चुलीशी आली. मी भाकर थापत होतो. मी आनंदानं उठायला लागलो तर तिनं छत्रीच्या मुठीनं मला खांद्याला धरून खाली बसवलं.

"मी कामाले नाई आली. पाहाले आली."

तेव्हापासून ती पाहते आहे. याला आता सहा वर्षं झाली. पोस्टातलं खातं चालू आहे, हळूहळू भरतं, ललिता पाटीवर मांडते. ऑफिसात मी आता सीनियर कारकून आहे, बडेबाबू व्हायच्या रांगेत आहे. माझी दोन मुलं आजीच्या छत्रीखाली बसून अभ्यास करतात. पाणी मी भरतो, सकाळची भाकर माझ्याकडं, संध्याकाळची ललिताकडं. परवा तर भाकर चांगली टम्म फुगली. मी मोठ्या अपेक्षेनं आईकडं पाहिलं.

तेवढ्यात कुंपणावरून मनकर्णा म्हणाली, "वो जाईबाई, पोरगा आता चांगला शिकला वो कामाले!"

आई बाजेवरून म्हणाली, "बरा हाये. पन टेंपरवारी हाये अजून. काम पाहून मंग कायम करू."