पडीक पट्टी

आष्ट्याच्या वीरधवलला पडीक जागा बघवत नसे. बांधाकडेचा हातभर तुकडाही त्याने उसाखाली आणलेला. त्यामुळे बैलगाडा शर्यतींच्या व्हिडिओंनी कॉम्प्युटर गच्च भरला आणि डिस्कच्या चित्रात एक लांबलचक बिननावाची पट्टी रिकामी दिसली, तेव्हा व्हायचं तेच झालं. त्याने ती पुसून टाकली आणि जागा वाढली का बघायला कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

पडदा काळा तो काळाच.

"अंकिता, जरा बघ गं. तुझा कॉम्प्युटर रुसलाय."

अंकिता त्याची बायको, सांगलीच्या एका कॉलेजात शिकवणारी. तिने एकाच कॉम्प्युटरात दोन बिऱ्हाडं थाटली होती. एकात नवऱ्याचं विंडोज, दुसऱ्यात तिचं लिनक्स. विंडोजला शेजारचं बिऱ्हाड ओळखू येत नाही, म्हणून ते वीरधवलला पडीक वाटलं. त्यात होत्या सासऱ्यांच्या फौजेतल्या गोष्टी. आबांच्या पंचाहत्तरीला पुस्तक करायचं म्हणून तिने अख्खा उन्हाळा त्या रेकॉर्ड केल्या होत्या.

"आवं, माझं उभं रान नांगरलं तुमी!"

"चुकलं माझं. पण माझ्या शर्यती कशानं गेल्या?"

"तुमच्या रानात जायची वाट माझ्या रानातनं हुती. आता बसा दोघंबी रस्त्यावर."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तसा वीरधवल वरमला. मान खाली घालून तो सोप्यात बसलेल्या सयाजी आबांपुढे उभा राहिला.

"आबा, तुमच्या गोष्टी पुसल्या माझ्याकडनं. समद्या."

आबा भडकतील असं वाटलं होतं. त्यांचा चेहरा उजळला.

"फिकर नॉट! परत सांगतो की. भरतीपासनं."

आबांच्या बायकोला, अंबूबाईंना, तेवढ्यात म्हशीची वैरण आठवली.

अंकिताने डोळे पुसले. "बांध मोडला म्हणून ऊस जात न्हाई. त्यात दुसरं काय पेरलं न्हाईसा ना? मग हुडकते मी. तुमी मोबाईल धरून आबांपुढं बसा. हीच शिक्षा."

तिने पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर जागा केला आणि त्याला पुसलेल्या पट्टीच्या खुणा शोधायला लावलं. बाहेर आबा तोवर बर्फात पोचले होते.

"तीन खेचरं घेऊन मी एकटा..."

"आबा, मागं एकच हुतं की!"

"तवा गडबडीत सांगितलं रं. तिसरीचं नाव मी ठेवलं हुतं. अंबू."

"काय म्हणालासा?" वैरण तशीच टाकून अंबूबाई उंबऱ्यात आल्या.

"लय गुणी जनावर. चढणीला कवा मागं सरलं न्हाई. तिच्याशी बोलत चाललो, म्हणून जगलो गं."

आजवर नवऱ्याची एकही गोष्ट अंबूबाईंनी पुरती ऐकली नव्हती. आज त्या पदर सावरून आबांच्या शेजारी बसल्या.

इतक्यात अंकिता धावत आली. पट्टी सापडली होती, आतल्या गोष्टी जशाच्या तशा होत्या. ती तोंड उघडणार, तोच वीरधवलने मान हलवून तिला थांबवलं.

"आल्या का गं परत?" आबांनी काहीशा काळजीनेच विचारलं.

अंकिताने सासूकडे पाहिलं. "न्हाई आबा. लय वेळ लागंल."

"लागू दे. मग काय झालं, ही अंबू..."

संध्याकाळी दोन्ही बिऱ्हाडं जागच्या जागी होती, पण आजचं रेकॉर्डिंग ठेवायला कुठेच जागा नव्हती. वीरधवल कॉम्प्युटरपुढे बसून आपल्या शर्यती एकेक करून पुसायला लागला.

"बघून पुसा," अंकिता म्हणाली.

"माझंच रान हाय. उद्या आबा चार खेचरं आणतील, त्यास्नी जागा नको?"