परीच्या विहिरीला पाणी लागले

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या उल्हास आणि शुभा यांनी लाँग वीकेंडला ‘प्राचीन व पौराणिक आयरिश वारसा’ ही एका दिवसाची बस टूर केली. आयर्लंड लांब पडते. हा वारसा मॅसॅच्युसेट्समध्येच उपलब्ध होता. गाइड नकुल इथेच जन्मलेला मराठी तरुण. हिरवी टोपी घातल्यामुळे दुपारपर्यंत तो पुरता आयरिश झाला होता.

शेवटचा थांबा परीची विहीर. तिचे दगड आयर्लंडहून आणून मॉलच्या मागे, पार्किंगच्या कडेला रचले होते. “या पाण्याने गुडघेदुखी जाते,” नकुलने जाहीर केले. सगळे वाकून बघू लागले. विहीर कोरडी होती.

“काकू, ॲक्चुअली पंप बिघडलाय,” तो शुभाच्या कानाशी म्हणाला.

कोरड्या विहिरीचा फोटो काय काढायचा, म्हणून मंडळी पुढे गेल्यावर शुभाने हातातली पाण्याची बाटली आत रिकामी केली. तेवढ्यात मागची बस आली.

“वॉटर!” कोणीतरी किंचाळले.

पुढचे सारे रीतसर झाले. रांग लागली, रांगेला दोरी लागली. टूर कंपनीने नकुलला फोन करून पाणी प्रकट झाल्याचे अधिकृतपणे कळवले. काठी टेकत आलेल्या एका गोऱ्या आजींनी रुमाल भिजवून गुडघ्यावर धरला, तेव्हा मात्र शुभाला राहवेना.

“ते पाणी मी ओतलंय. आमच्या नळाचं आहे!” ती इंग्रजीत ओरडली.

आजींचे डोळे भरून आले. “परीने तुझीच निवड केली, बाळ,” त्या म्हणाल्या. मागच्यांनी शुभाला रांग न मोडण्याची समज दिली.

“काकू, प्लीज,” नकुलने हात जोडले. “मला आत्ताच हेड गाइड केलंय.”

शुभा बसकडे निघाली. वाटेत रांगेच्या टोकाला उल्हास दिसला. हातात तीच रिकामी बाटली.

“अहो, हे आपल्या किचनमधलं पाणी आहे!”

“होतं,” उल्हास शांतपणे म्हणाला. “आता एवढे लोक काय वेडे आहेत?”

महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, त्याने प्रत्येकाला ते पाणी चमचा चमचा दिले. जेवणे होईपर्यंत त्यातल्या दोघा जणांची कंबर मोकळी झाली. शुभाने पुन्हा खुलासा केला. सर्वांनी तिच्या विनयाचे कौतुक केले.

तुम्ही खुशाल हसा. ती बाटली आता माझ्याकडे आहे, तळाशी थोडे उरले आहे, कोणाला हवे असल्यास...

अहो, डावा नव्हे. उजवा हात पुढे करा.