अंबाजीरावांनी कॉफीच्या बळे पट्टा राखिला

ज्यांचे डोके कॉफीवाचोन उठते, त्यांचे कल्याण असो. शके अठराशे सत्तावन, वैशाख मासी, खंडाळियाचे कड्यावरी कस्तुराबाईसाहेबांचे हॉटेलात जे रण माजले, ते जैसे जाहले तैसे लिहितो.

कॉफीप्राशनधुरंधर राजश्री अंबाजीराव आंबीकर हे हॉटेलचे मुख्य वेटर, कमरेस पितळी बिल्ल्याचा पट्टा, पोटात नित्य सात पेले, आणि कागदावाचोन आठ मेजांची ऑर्डर ध्यानी ठेवीत, आणि हे ध्यान कॉफीचे म्हणोन मिशीस पीळ देत. तो कान्हे गावचा मारुती, हॉटेलातील नवा गडी, पाण्याखेरीज काही न पिणारा, चारचौघांत बोलोन गेला की, आपूनबी काई इसरत न्हाई. हे बाईसाहेबांचे कानी जाताच हुकूम सुटला की, उद्या दुपारी दोघांस आठआठ मेजे, जो चुकेल त्याचे कमरेस पट्टा नाही.

अंबाजीरावांनी मसलत केली की, दारूगोळा राखावा तैसी कॉफी आजपासोन बंद, म्हणजे ऐन रणी एकच पेला तोफेसारिखा उडेल. मग सकाळी कपाळात नगारे वाजो लागले, आणि जांभयांची फौज चालोन आली, आणि एका पाहुण्याने नाव पुसता खासे "पोहे दोन" बोलिले.

मग हॉटेलामागील घरी कुमक मागितली, आणि कबिला लीलाबाई कॉफीचा तांब्या घेऊन धावल्या, आणि पिताच अंबाजीराव खांबास टेकोन घोरो लागले.

लीलाबाई म्हणाल्या, "मोठ्या कामाला जायचं म्हनून अख्खं जायफळ किसलं की त्यात."

तान्ह्यास निजवायाचे औषध, ते सेनापतीस! फितुरी ऐसी घरातूनच होते. मग दुसरा पेला, काळा, बिनजायफळाचा, नाक दाबोन पाजिला, आणि घटकेत नगारे थांबले, आणि शेठजींची बिनकांद्याची भाजी, मडमेचे अर्धकच्चे अंडे, वकिलांची दोनदा फिरविलेली आमटी, आठही मेजे बिनचूक सर जाहली.

मारुतीचीही जाहली.

बाईसाहेबांनी फर्माविले की बरोबरी, सबब पट्टा जुन्याकडेच. अंबाजीराव गर्जले, "बघितलीस कॉफीची करामत?"

मारुती म्हणाला, "व्हय भाऊ. सकाळी उठलो तवा मी जितं हुतो, तितं तुमी आत्ता आलाय."

येणेप्रमाणे अंबाजीरावांची फत्ते जाहली, आणि विजयाप्रीत्यर्थ तिसरा पेला मागविला, कारण डोके पुन्हा दुखो लागले होते.