स्वयंपाकघरात दाबलेल्या गोळ्या

दुकानात गोळ्या नव्हत्या, एवढंच निमित्त. एप्रिलात बंदुकीच्या दुकानात गेले तर फळी रिकामी. दुकानदार म्हणाला, माल कधी येईल ते सांगता येत नाही. मी म्हटलं, मग बस मोकळ्या फळ्या पुसत, मी घरीच करते गोळ्या. रागात बोलले होते. पण आमचं गाव मोंटानातलं, माणसांपेक्षा गाई जास्त, आणि इथे बोललेलं वाक्य बोलणाऱ्याच्या आधी घरी पोचतं. मी गाडीतून उतरायच्या आत माझा नवरा लोवेल दारात उभा राहून विचारत होता की कसल्या गोळ्या करणार आहेस.

आता माघार कशी घ्यायची? (मी जन्मात घेतलेली नाही. सहावीत शाळा सोडली, तीसुद्धा पुढे टाकलेलं पाऊलच समजते मी.)

घाई कशाची तेही सांगते. मे महिन्यात आमच्या क्लबाची नेमबाजी असते. शंभर यार्डांवर कागद, त्यावर पाच गोळ्या, आणि ज्याची पाच भोकं सगळ्यात जवळजवळ, त्याला कप. या कपाच्या बुडाला जिंकणाऱ्यांच्या नावांच्या पट्ट्या आहेत. पहिली पट्टी माझ्या बापाची. शेवटच्या नऊ माझ्या नणंदेच्या, व्हर्नीसच्या. आता एकाच पट्टीची जागा उरली होती, आणि क्लबाने ठरवलं होतं की जो ती लावेल, कप कायमचा त्याच्या घरी. म्हणजे माझ्या बापाचं नाव व्हर्नीसच्या टीव्हीशेजारी, तिच्या चिनीमातीच्या कोंबड्यांच्या घोळक्यात, कायमचं? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.

तडक ऑरिनकडे गेले. ऑरिन म्हणजे क्लबाचा पंच, ऐंशीचा म्हातारा, उमेदीत स्वतः गोळ्या दाबायचा. त्याने कोठारातून जुनं दाबयंत्र आणि साचे काढून दिले आणि कृती सांगितली. छोट्या बंदुकीतून गोळी सुटल्यावर मागे पडणाऱ्या रिकाम्या पितळी पुंगळ्या मैदानावरून वेचायच्या. धुवायच्या. साच्यातून रेटून बुडाची कड सपाट करायची. तापवून मऊ करायच्या. आत शिशाचा तुकडा बसवायचा आणि शेवटच्या साच्यात दाबायचं, की टोक येतं. म्हणजे लोकांच्या केरातून माझी गोळी! मला तर त्या रात्री झोप लागेना. लोवेल म्हणाला, लग्नाच्या आदल्या दिवशी तरी एवढी जागी होतीस का? मी खरं ते सांगितलं. नव्हते.

दोन दिवस मैदानावर गुडघ्यांवर रांगून मी बादलीभर पुंगळ्या वेचल्या आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या भांड्यात उकळायला टाकल्या. ते माझं जॅमचं पातेलं. संध्याकाळी ऑरिनचा फोन, की एक सांगायचं राहिलं, पुंगळीत शिशाचा अंश असतो, त्या भांड्यात पुन्हा खायचं काही शिजवू नकोस. तीस वर्षांचं पातेलं गेलं. मी म्हटलं, जाऊ दे, कप येतोय.

मग तापवणं. आमचा ओव्हन स्वतःला साफ करून घेतो, त्यासाठी भट्टीसारखा तापतो. मी परातभर पुंगळ्या आत सरकवल्या, बटण दाबलं आणि बाहेर वासरांना दूध पाजायला गेले. पुंगळ्यांत बंदुकीच्या दारूची जुनी काजळी होती, आणि ओव्हनच्या तळाला ख्रिसमसच्या बदकाची चरबी. दोघींनी मिळून खिडकीतून असा काळा धूर सोडला की पलीकडच्या टेकडीवरून व्हर्नीसला दिसला, आणि तिने अग्निशमनाला फोन केला.

आमच्याकडे अग्निशमन म्हणजे गावातलीच माणसं, हाक आली की धावायचं. त्यात लोवेलही आहे. तो मागच्या कुरणात कुंपण बांधत होता. कमरेचं यंत्र वाजलं तसा पक्कड टाकून गाडीत बसला, चार मैलांवरच्या ठाण्यात गेला, कोट चढवला, शिरस्त्राण घातलं आणि मग कुठे विचारलं की घर कुणाचं?

"तुझं," ते म्हणाले.

पाच माणसं नळी घेऊन माझ्या स्वयंपाकघरात शिरली तेव्हा मी परात बाहेर काढून पुंगळ्या मऊ झाल्यात का ते बघत होते. छान झाल्या होत्या. मी एकेकाच्या हातात देऊन दाखवलं. मागोमाग व्हर्नीस आली. तिने नाक दाबलं, भिंतीवरची काजळी बघितली आणि म्हणाली, "मर्ना, आमच्या भावाला मारायचं असेल तर बंदूक आहे ना घरात? त्याला असं धुरात कशाला ठेवतेस?"

"तू तुझ्या टीव्हीशेजारची जागा पुसून ठेव," मी म्हटलं. "रिकामी होणारेय."

यंत्र ओट्याला बोल्टांनी ठोकलं. पहिल्याच दिवशी एक गोळी साच्यात अडकली, कारण वंगण म्हणून मी गाईच्या आचळाला लावतात ते मलम चोपडलं होतं, आणि ते जास्त झालं. (ऑरिन म्हणाला होता नखाएवढं. कुणाच्या नखाएवढं ते त्याने सांगितलं नव्हतं.) मी दांड्यावर लोंबकळले. माझं वजन सांगत नाही, पण गोळी निघाली आणि ओटाही निघाला, नळासकट. लोवेल कोट न घालताच पाणी बंद करायला धावला. मग यंत्र गोठ्याच्या खांबाला गेलं आणि तिथेच राहिलं.

पण तिसऱ्या दिवशी जी पहिली धड गोळी बाहेर पडली! तांबूस पिवळी, सुईसारखं टोक, अजून कोमट. मी रविवारी ती मुठीत धरून चर्चमध्ये बसले. पाद्री लोभावर बोलत होता. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

चाळीस गोळ्या केल्या. काडतुसांत बेताची दारू भरून, वर त्या बसवून मागच्या कुरणात शंभर यार्डांवर झाडून पाहिल्या, तर पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. लोवेल म्हणाला, आता हात लावू नकोस, जे जमलंय ते तसंच राहू दे. त्याचं सगळं आयुष्य हे असंच. मी म्हटलं, हळू मारून एवढी जमते, तर जोरात मारली तर काय होईल? आणि सामन्याच्या गोळ्यांना दारू वाढवली.

सामन्याला अख्खा गाव. माझं टेबल आणि व्हर्नीसचं टेबल शेजारी. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवताना मी तिला ऐकू जाईल असं लोवेलला सांगितलं, की कपासाठी फडताळाला भक्कम खिळे मार. व्हर्नीसचे कान लाल झाले.

पहिली गोळी मारली. दुर्बिणीतून पाहिलं तर कागद कोरा. म्हटलं, उन्हाच्या चकाकीत भोक दिसलं नसेल. मधे हवेत करड्या धुराचा एक ठिपका उमटून गेला, तो मला चिलटांचा थवा वाटला. दुसरी मारली. बरोबर मधोमध एक भोक. तिसरी मारली, भोक तेवढंच. चौथी, तेवढंच. पाचवी मारायच्या आधीच मला कळलं होतं की काय घडतंय. एकाच भोकात जात होत्या सगळ्या.

मी उठून उभी राहिले. मागे उभ्या माणसांनी दुर्बिणी लावल्या आणि एकेकाने टोपी काढली. कुणी तरी म्हणालं, असं या राज्यात झालेलं नाही. मी त्याला म्हटलं, या देशात म्हण. मला बापाची आठवण झाली आणि डोळे भरून आले, तेही मी लपवले नाहीत.

ऑरिन कागद घेऊन हळूहळू चालत आला. सोबत कागदामागची पट्टीही होती. नेमाच्या कागदामागे एक पट्टी सरकत असते, म्हणजे पाच गोळ्या एका भोकातून गेल्या तरी मागे पट्टीवर पाच वेगळी भोकं पडतात. पट्टीवर एकच होतं.

"किती जोरात मारल्यास?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने डोळे मिटले. पुंगळीचं कातडं पातळ असतं, तो म्हणाला, एवढ्या जोराने गरगरली की गोळी वाटेतच फुटते, तिची नुसती भुकटी होते. ती माझी चिलटं.

"बरं," मी म्हटलं, "चार गेल्या. पण एक तर बरोबर मधोमध लागली ना? ती लिही माझ्या नावावर."

ऑरिनने खिशातून मोजपट्टी काढली, भोकावर धरली, दोनदा पाहिली आणि म्हणाला, हे तुझ्या रायफलच्या मानाने मोठं आहे. एवढं भोक इथे एकाच रायफलचं पडतं. मग त्याने व्हर्नीसचा कागद पुढे धरला. त्यावर चारच होती.

माझ्या त्या खिळ्यांच्या बोलण्याने तिचं डोकं इतकं फिरलं होतं की एक गोळी तिने चुकून माझ्या कागदावर मारली होती. त्याबद्दल दंड कापूनही कप तिलाच गेला. तिच्या नावाची शेवटची पट्टी तिथेच ठोकली.

जाताना व्हर्नीसने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कागदाला एक भोक पाडून हवं होतं, तर आधी सांगायचंस, मर्ना," ती म्हणाली. "मी बाकीच्या चारही तुझ्याच कागदावर मारल्या असत्या. निदान तू तरी जिंकली असतीस."