चिमणीची प्रगती

टॅब शाळेत आले त्याच दिवशी मोठ्या सरांनी ते ऑफिसातल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. ते मिळावेत म्हणून सहावीच्या बाईंनी अर्जांमागून अर्ज केले होते, चपला झिजवल्या होत्या. आता टॅब आले, तर मुलांना ते कपाटाच्या काचेतून बघायला मिळत होते.

"सर, आठवड्यातून एक तास तरी मुलांच्या हातात द्या," बाई म्हणाल्या.

"देऊ की. आधी जरा सवय होऊ द्या त्यांना."

"हातात न देता सवय कशी व्हायची?"

"म्हणून तर म्हणतो, घाई नको," मोठे सर म्हणाले आणि किल्ली दोरीसकट खिशात गेली.

मुख्याध्यापक म्हणून मोठे सर वाईट नव्हते. फक्त वस्तू जपायचा त्यांना नाद होता. शाळेचं सूक्ष्मदर्शक त्यांनी इतकं जपलं होतं की त्यातून आजवर कोणी काही पाहिलेलं नव्हतं.

मग टॅब देणाऱ्या संस्थेच्या ताईंचा फोन आला. टॅब किती वापरले जातात ते त्यांना तिकडे बसल्या बसल्या दिसत होतं, आणि या शाळेपुढे भोपळा होता. महिन्याभरात वापर दिसला नाही तर टॅब दुसऱ्या शाळेला जातील, असं ताईंनी गोड आवाजात सांगितलं.

मोठ्या सरांनी मात्र तोडगा काढला. "शिक्षकांनी रोज संध्याकाळी एकेक टॅब घरी न्यायचा, थोडा वेळ चालवायचा आणि सकाळी परत कपाटात आणून ठेवायचा. वापर दिसेल, टॅबही शाबूत राहतील."

बाईंना ते मुळीच पटलं नाही. पण टॅब हातचे जाण्यापेक्षा हे बरं, म्हणून त्यांनी मान डोलावली. प्रत्येक टॅब वर्गातल्या एकेका मुलाच्या नावाने उघडलेला होता, याचा विचार कोणीच केला नाही. बाईंच्या वाट्याला आला तो चिमणीचा. चिमणी म्हणजे वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी; प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं.

घरी बाईंना स्वयंपाकातून डोकं वर काढायला सवड नव्हती. तेव्हा टॅब त्यांच्या नवऱ्याने ताब्यात घेतला. हे गृहस्थ कचेरीत हेडक्लार्क होते आणि गणितात आपला हात धरणारा कोणी नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

"अगं, हे यंत्र बिघडलंय," पहिल्याच संध्याकाळी ते ओरडले. "एक छेद सहा आणि एक छेद आठ, यात मोठा कोण विचारतंय. मी म्हटलं, एक छेद आठ. तर चूक म्हणतंय!"

"चूकच आहे ते, अहो."

"आठ मोठे की सहा?"

"आठ. पण एकाच भाकरीचे..."

"झालं तर मग!"

ते जिद्दीला पेटले. रोज कचेरीतून आले की चहा बाजूला ठेवून टॅबला अक्कल शिकवायला बसत. टॅबही समजूतदार होता. त्याने त्यांना सहावीतून पाचवीत उतरवलं, पाचवीतून तिसरीत, आणि शेवटी दुसरीत आणून बसवलं.

महिना सरता सरता चिमणीची आई शाळेत आली. ती शिवणकाम करायची. मापाची टेप गळ्यात तशीच होती.

"माझी पोरगी ढ?" तिने मोबाईल बाईंपुढे धरला. "संस्थेकडून निरोप आलाय. चिमणी फार मागे पडलीय, तिला जादा शिकवणी लागेल म्हणे. वर्गात तुम्ही तिचं कौतुक करता ते काय उगाच?"

बाईंना काय झालं ते लख्ख कळलं. त्या तोंड उघडणार तेवढ्यात संस्थेच्या ताईच दारात उभ्या राहिल्या. सोबत जादा शिकवणीचे सर होते, हातात रंगीत कागदाच्या पट्ट्यांची पिशवी. चिमणीला बोलावून तिच्यापुढे तिच्या नावाचा टॅब ठेवला गेला.

"हळू दाब गं!" मोठे सर कळवळले.

टॅबने चिमणीला विचारलं, तळ्यात बदकं किती? तिने बाईंकडे असं पाहिलं की बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिचं बोट चालू लागलं. बेरजा झाल्या, भागाकार झाले, अपूर्णांक आले आणि गेले. शाळा सुटायच्या आत ती दुसरीतून सहावीत येऊन पोचली.

"काय केलंत हो तुम्ही?" ताई थक्क झाल्या. "ही पद्धत सगळ्या शाळांना सांगायला हवी!"

मोठ्या सरांनी घसा साफ केला. "आमची पद्धत म्हणजे, मुळात वस्तू जपून..."

बाईंच्या लक्षात आलं, आता गप्प राहिलं तर टॅब इथेच राहतील, आणि कुलूपही.

"ताई, महिनाभर हा टॅब आमच्या ह्यांच्याकडे होता," त्या घाईघाईने म्हणाल्या. "चिमणीने आज पहिल्यांदा हातात घेतला. तुम्हाला न्यायचे तर न्या. पण या कपाटातच ठेवायचे असतील, तर खरंच घेऊन जा."

मोठे सर छताकडे बघू लागले. चिमणीच्या आईला हसू आवरेना.

ताईंनी हात पुढे केला. "सर, टॅब आजपासून वर्गात, नाहीतर माझ्या गाडीत. किल्ली द्या."

मोठ्या सरांनी किल्ली दिली, पण दोरी काही सोडली नाही. त्यामुळे कपाटापर्यंत दोघांना बरोबरच जावं लागलं. त्या दुपारी सहावीच्या वर्गात असा गलका झाला की शेजारचा वर्ग खिडकीला लटकला.

शिकवणीचे सर तेवढे बाईंजवळ घुटमळत होते. "माझे तास मंजूर होऊन आलेत हो. कोणाला तरी शिकवावं लागेलच. तुमचे मिस्टर संध्याकाळी घरी असतात ना?"

संध्याकाळी बेल वाजली. दार नवऱ्यानेच उघडलं. पाहुणे टॅबवाल्या संस्थेचे आहेत म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"या, या! चूक सापडली म्हणायची शेवटी. मी हिला रोज सांगत होतो."

बाई पदर तोंडावर धरून आत गेल्या. सरांनी टेबलावर रंगीत पट्ट्या मांडल्या.

"आपण अगदी पहिल्यापासून बघू या," ते हळुवारपणे म्हणाले.

"बघू की," नवऱ्याने बाह्या सरसावल्या. "जिथे समजणार नाही, तिथे मला थांबवा. लाजू नका."